गुपित गल्लीचं असतं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठीतून लिहू लागलेली मुलं सुपरहिरोच्या कथांकडे वळली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांनी साहित्य संमेलनं भरवून इथलं मराठी वाचन-लेखन जागतं ठेवलं. त्याच मांडवात उद्या भिंती चढणारा, रात्री-अपरात्री लोकांना वाचवणारा नायक आला तर तो आपलाच. पण या मुलांमध्ये सध्या एक वाद रंगला आहे आणि दोन्ही बाजू तो फार वाईट लढताहेत. प्रश्न असा, की आजच्या काळात सुपरहिरोची खरी ओळख लपून राहते हे वाचकाला पटेल का? एक बाजू म्हणते, चौकाचौकात कॅमेरे आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, बोटांचे ठसे आधारमध्ये आहेत. मुखवट्याचे दिवस संपले, नायकानं सरळ नाव सांगून टाकावं. दुसरी बाजू म्हणते, माणूस उडतो हे चालतं, तर चष्मा लावला की तो ओळखू येत नाही हेही चालवून घ्या. कथेत तर्क कशाला शोधता?

मला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. ओळख आजही लपू शकते, इथेही लपू शकते आणि ते वाचकाला पटवताही येतं. मात्र गुपित मुखवट्यामुळे टिकतं ही समजूत लेखकानं आधी सोडायला हवी. गुपित टिकवतात ती माणसं, ज्यांना ते ठाऊक असतं. ज्या कथेत नायकाला ओळखणारं कोणीच नाही, ती कथा आज खोटी वाटते. ज्या कथेत त्याला गल्लीतली पाच-सात माणसं ओळखतात आणि गप्प राहतात, तिच्यावर विश्वास बसतो. 'कथेत तर्क कशाला' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की वाचक लेखकाला एक अशक्य गोष्ट देतो, दोन नाही. माणूस उडतो ही ती एक. पण शेजारीण काय बघेल, आई काय विचारेल, हवालदार दारात आला की घर कसं वागेल, हे वाचकाला स्वतःच्या जगण्यातून माहीत असतं. तिथे सूट मागायची लेखकाला सोय नाही.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते मी पुरतं मान्य करतो, कारण ते त्या मुलांना वाटतं त्याहून जास्त खरं आहे. सगळे कॅमेऱ्याची भीती घालतात, पण घात करतो तो मोबाइल. पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला होता. माणूस कोणत्या वेळी कुठे होता अशा फक्त चार नोंदी हातात असल्या, तर ९५ टक्के माणसं त्या सगळ्या गर्दीतून नेमकी वेगळी काढता येतात, असं त्यात दिसलं. म्हणजे खडेबाजारात दुकानाला आग लागली तेव्हा, राकसकोपच्या पाण्यात कोणी बुडत होतं तेव्हा, चोर्ल्याच्या वळणावर बस कलंडली तेव्हा नायकाचा फोन जवळच होता, एवढं जुळलं की शोध संपत आला. मग फोन बंद ठेवावा? दर संकटाच्या वेळी नेमका बंद पडणारा फोन हीसुद्धा नोंदच असते. पैशाचंही तेच. यूपीआयनं घेतलेला दोर, हातमोजे, गॉगल, सगळ्यांचा हिशेब कुठेतरी राहतो. आणि ज्याचा विचार आमची मुलं अजिबात करत नाहीत ती गोष्ट म्हणजे जखम. सुरा लागलेला, भाजलेला, हाड मोडलेला माणूस दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना संशय आला, की एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरणाची नोंद, होते आणि पोलिसांना कळवलं जातं. नायक महिन्यातून दोनदा जखमी होत असेल तर त्याला टाके कोण घालतं? या प्रश्नाचं उत्तर ज्या कथेत नाही, ती कथा बंद करून ठेवली तरी माझी हरकत नाही.

पण चेहऱ्याचं काय? ज्यावर हा सगळा वाद पेटला आहे, तो चेहरा या साखळीतला सगळ्यांत कच्चा दुवा आहे. अनोळखी चेहरे ओळखण्यात माणूस आपल्या समजुतीपेक्षा फार कमी पडतो. १९९७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात दुकानातल्या रोखपालांना फोटो असलेली क्रेडिट कार्डं तपासायला दिली होती. फोटो दुसऱ्याच माणसाचा असताना निम्म्याहून अधिक वेळा त्यांनी कार्ड खरं धरलं. सुपरमॅनच्या चष्म्याचीच कसोटी घेणारा अभ्यास २०१६ साली झाला. एका फोटोत चष्मा आणि दुसऱ्यात नाही, असं केल्यावर अनोळखी चेहरे जुळवण्याची अचूकता सुमारे ८० टक्क्यांवरून ७४ पर्यंत घसरली. घसरण लहान आहे, पण मुळात शंभरातल्या वीस वेळा माणसं चष्म्याविनाही चुकत होती. यंत्रांचं म्हणाल तर अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०२० मध्ये करोनापूर्वीच्या ८९ प्रणाली मास्क लावलेल्या चेहऱ्यांवर तपासल्या. उत्तम प्रणाली सुमारे ५ टक्के वेळा चुकल्या, एरवी चांगल्या मानल्या गेलेल्या अनेक २० ते ५० टक्के. त्यानंतर यंत्रं सुधारली आहेत, हे खरं. तरीही 'आधारमध्ये सगळं आहे' हा युक्तिवाद चालत नाही. आधारची पडताळणी 'हा माणूस म्हणतो तोच आहे का' एवढंच सांगते. गुन्ह्याच्या जागी मिळालेला ठसा घेऊन पोलिसांनी आधारच्या साठ्यात माणूस शोधावा, याला कायदा वाट देत नाही.

आणि प्रत्यक्षातलं उदाहरण हवं असेल तर रादोवान कराजिचचं घ्या. बोस्नियातल्या नरसंहारासाठी हवा असलेला, जगभर फोटो गेलेला हा माणूस दहा वर्षांहून अधिक काळ फरार होता. जुलै २००८ मध्ये तो सापडला बेलग्रेडमध्ये. पांढरी दाढी वाढवून, डोक्यावर केस बांधून, मोठा चष्मा लावून तो दुसऱ्या नावानं पर्यायी उपचार सांगत होता, लोकांसमोर व्याख्यानं देत होता, मासिकात लिहीत होता. तो खलनायक होता, नायक नव्हे. पण युरोपातला सगळ्यांत हवा असलेला माणूस दाढी-चष्म्यावर भर सभेत उभा राहू शकतो, तर शक्तिमानच्या गंगाधरवर हसण्याआधी थोडं थांबायला हवं.

मग लपलेला नायक उघडा कशानं पडतो? याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे आणि सुपरहिरोवर लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते नीट वाचावं असं मला वाटतं. विराटपर्व म्हणजे ओळख लपवण्याचा आपला आद्य ग्रंथ. भीम बल्लव नावानं स्वयंपाकघरात, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवतो, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीचे केस विंचरते. वर्षभर त्यांचे चेहरे कोणाला ओळखू येत नाहीत. दुर्योधनाचे हेर देश पालथा घालून हात हलवत परत येतात. पण त्याच सभेत भीष्म काय सांगतात? चेहरे शोधू नका. जिथे युधिष्ठिर राहत असेल तिथे पाऊस वेळेवर पडत असेल, गाईंना दूध भरपूर असेल, माणसं दानी आणि समाधानी असतील; तसा देश शोधा. आणि कीचक मेला ही बातमी तर आलेलीच असते. इतका बलाढ्य सेनापती नुसत्या हातांनी चेंदामेंदा होऊन पडतो, म्हणजे त्या राजवाड्यात असं कोण आहे? आज ज्याला विदा-विश्लेषण म्हणतात ते भीष्मांनी बसल्या जागी केलं. माणूस लपतो, त्याच्या कामाचा परिणाम लपत नाही.

हे एकदा ध्यानात आलं की कथेचा सगळा तोल बदलतो. समजा, आपला नायक बेळगावात, वडगावच्या एका गल्लीत राहतो. त्या भागात बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढणं बंद झालं, मटक्याचे अड्डे आपोआप हलले, सिलिंडर फुटला तरी कोणी मेलं नाही, तर वर्षभरात कोणीही शहाणा फौजदार नकाशावर बोट ठेवील. म्हणून खऱ्या लपलेल्या नायकाला आपल्याच गल्लीत हात आखडता घ्यावा लागेल. अनगोळला, शहापूरला, कॅम्पात तो धावून जाईल, पण स्वतःच्या दारात चोरी होताना त्याला गप्प बसावं लागेल. ज्यांना त्याचं गुपित ठाऊक आहे त्याच माणसांना त्याचं संरक्षण सगळ्यांत कमी मिळेल. ज्या म्हातारीनं त्याला लपवलं, तिच्याच पाटल्या चोरीला जातील, तो कोण आहे हे ती जाणून असेल आणि तरीही बोलणार नाही. यापेक्षा मोठं नाट्य उडण्यात आहे का? मुखवटा काढायचा की ठेवायचा या वादात अडकलेल्या मुलांना ही गोष्ट दिसतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

विराटपर्वातलीच आणखी एक युक्ती. शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवताना पांडवांनी सोबत एक प्रेत बांधलं. वासानं आणि भीतीनं कोणी जवळ फिरकू नये म्हणून. विचारणाऱ्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीत आहे. झाड स्मशानाजवळ होतं. लपवण्याची उत्तम जागा म्हणजे जिथे बघावंसं कोणालाच वाटत नाही ती. आज आपल्या गल्लीत तशी जागा कोणती? ट्रान्सफॉर्मर. कवटीचं चित्र, '११ केव्ही, धोका' अशी पाटी, शेजारी कचरा. पोरं चेंडू गेला तरी आत हात घालत नाहीत.

आणि म्हणूनच, इथल्या नायकाला नोकरी द्यायची तर मी त्याला हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, लाइनमन करीन. १९३८ साली सुपरमॅनला बातमीदार केला गेला त्यामागे पक्का हिशेब होता. संकटाची बातमी आधी त्याच्याकडे येणार आणि कुठेही, केव्हाही गेला तरी कोणी विचारणार नाही. दूरदर्शनवर १९९७ मध्ये आलेल्या शक्तिमानलाही वर्तमानपत्रातच बसवलं होतं. आज बातमी आधी मोबाइलवर येते, बातमीदाराचं ते स्थान उरलेलं नाही. पण पावसाळ्यात रात्री दोन वाजता झाड पडलं, तार तुटली, घरात पाणी शिरलं की फोन कोणाला जातो? लाइनमनला. तो खांबावर चढलेला दिसला तर कोणी मान वर करून बघत नाही. अंगावर भाजल्याच्या खुणा असल्या तर कामावर झालं म्हणतात आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. त्याचा फोन संकटाच्या जागी सापडला तर सापडायलाच हवा, कारण त्याला तिथेच बोलावलेलं असतं. त्या चार नोंदींचा फास इथे सैल होतो. त्याच नोंदी त्याची बाजू सांगतात. अशी नोकरी शोधणं हे लेखकाचं काम आहे आणि ते झालं की अर्धी शंका आपोआप मिटते.

सीमाभागाची भूमीही इथे लेखकाच्या मदतीला येते. बेळगावातून शिनोळीला पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि आपण महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात असतो. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. एकाच रात्रीत तीन राज्यांची पोलिस ठाणी, तीन प्रकारची दफ्तरं. माझ्या पिढीतल्या कोणाचेही कागद काढून बघा. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, रेशनकार्डावर कन्नडमध्ये, बँकेत इंग्रजीत आणि तिन्हीकडे आडनावाच्या शेवटी एखादं अक्षर वेगळं. दोन राज्यांचे पोलिस एकमेकांना मदत करत नाहीत असं मी म्हणत नाही, करतात. पण कागद जातो, उत्तर येतं, त्यात दिवस जातात, आणि दुकानाच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण काही दिवसांनी नव्याखाली पुसलं जातं. कथेला एवढा अवधी पुरतो.

तरी या सगळ्या युक्त्या आहेत, आणि युक्तीवर गुपित वर्षानुवर्षं तगत नाही. ते माणसांवर तगतं. घाट उतरून गोव्यात जाऊ या. सांगलीचे मनोहर आपटे पोर्तुगिजांच्या गोव्यात मोहन रानडे या नावानं मराठीचे शिक्षक म्हणून राहिले. दिवसा मुलांना धडे आणि दुसरीकडे आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र कारवाया. आपण ज्याला सुपरहिरोचं दुहेरी आयुष्य म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? १९५५ मध्ये बेतीच्या पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळ्या लागून ते हाती लागले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, लिस्बनजवळच्या तुरुंगात ठेवलं, आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली. दोन नावांचं असं जगणं एकट्याच्या चलाखीवर होत नाही. त्याला जेवू घालणारी, निरोप पोचवणारी, अंगणात अनोळखी पावलं वाजली की दिवा मालवणारी घरं लागतात. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ पासून १९४६ पर्यंत साताऱ्याच्या भागात भूमिगत होते. ते काही मुखवटा घालून फिरत नव्हते. सभा घेत होते, हजारोंना त्यांचा चेहरा पाठ होता, इंग्रजांनी बक्षीस लावलं होतं. चेहरा सगळ्यांना माहीत आणि ठावठिकाणा कोणी सांगत नाही, अशी ती स्थिती होती. उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात पाहा. कित्तूरचे संगोळ्ळी रायण्णा इंग्रजांच्या फौजेला जंगलात सापडले नाहीत. फितुरी झाली तेव्हा सापडले, आणि १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला त्यांना फाशी दिली. तीन माणसं, तीन काळ. दर वेळी निकाल ठरवला तो ओळखणाऱ्यांनी.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे आणि तो वजनदार आहे. ते दिवस वेगळे होते, तेव्हा माणसांना गप्प राहता येत होतं. आज बारा वर्षांच्या पोराच्या हातात फोन आहे, गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, एक फोटो गेला की खेळ संपला. पण खरंच आपण सगळं बोलतो का? कोणाच्या घरी कर्जवसुलीची माणसं येऊन गेली, कोणाची मुलगी कोणाबरोबर गेली आणि ती आता कुठे आहे, कोणाच्या जमिनीचा वाद आतून कसा मिटला, हे गल्लीला ठाऊक असतं आणि ग्रुपवर त्यातलं अक्षर येत नाही. ग्रुपवर येतात वाढदिवस, निधनवार्ता आणि पाणी कधी सुटणार. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात शिरले, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्या दिवसांत पोलिस शोधत असलेली पोरं कोणाच्या माळ्यावर झोपली, त्यांना भाकरी कोणी पोचवली, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती हसतील, चहा टाकतील आणि विषय बदलतील. त्याच आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर दर वर्षी १ जूनला डोकं टेकवणाऱ्या गावाला गुपित म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तंत्रज्ञानानं बोलणं सोपं केलं, हे मान्य. गप्प राहण्याची कारणं मात्र त्यानं संपवलेली नाहीत.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो नैतिक आहे. लोकशाहीत चेहरा झाकून न्याय करणारा माणूस हवाच कशाला? आपल्या भागात तोंडाला रुमाल बांधून आलेल्यांनी बसवर दगड मारले आहेत, दोन्ही बाजूंनी मारले आहेत. ज्याचं नाव माहीत नाही त्याला जाब कोण विचारणार? हा प्रश्न झटकून टाकणारा लेखक मला बेजबाबदार वाटतो. पण याचं उत्तरही त्याच पाच-सात माणसांत आहे. ज्याला कोणीच ओळखत नाही तो मुखवटेवाला खरोखर धोक्याचा, कारण त्याला थांबवू शकेल असं कोणी नसतं. ज्याला त्याची आई ओळखते, टाके घालणारा कंपाउंडर ओळखतो, कपड्याचं माप घेणारा शिंपी ओळखतो, त्याच्या डोक्यावर एक पंचायत बसलेली असते. 'काल त्या पोराला जास्त मारलंस, असं पुन्हा झालं तर मी सुई हातात धरणार नाही' असं कंपाउंडर त्याला म्हणू शकतो. कायद्याच्या कोर्टाची जागा ही पंचायत घेऊ शकत नाही, हे उघड आहे. पण गुपित वाटून घेतलं की नायक जाबाला बांधला जातो, आणि एकट्याचं गुपित माणसाला मोकाट करतं. म्हणून ओळखणारी माणसं कथेत असणं हे नुसतं पटण्यासाठी नाही, नायक नायक राहण्यासाठीही लागतं.

मग नाव सांगूनच का टाकू नये? आयर्न मॅननं २००८ च्या चित्रपटात भर पत्रकार परिषदेत नाव सांगितलं आणि तेव्हापासून तीच आधुनिक रीत आहे असं काहींनी धरलं. त्याला ते परवडलं, कारण तो कारखानदार होता, दाराशी वकील आणि पहारेकरी होते. लाइनमनला ते परवडत नाही. आणि समजा परवडलं, तरी आमच्या जिल्ह्यात नाव सांगितल्याच्या दुसऱ्या मिनिटाला काय होईल? आडनाव बघितलं जाईल. तो मराठी की कन्नड, हे आधी ठरेल आणि त्यानं कोणाला वाचवलं ते नंतर. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगोलग बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. परक्या सत्तेशी आपल्या मातीसाठी लढलेली दोन माणसं आणि त्यांच्या नावांवरून आपण एकमेकांच्या अंगावर गेलो. मी सीमाप्रश्नात महाराष्ट्राच्या बाजूचा आहे, लपवण्याचं कारण नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जे झालं तो अन्याय होता असंच मी मानतो आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्याच्या निकालाची वाट पाहतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, तेव्हा दोर टाकणाऱ्या हाताला कोणी भाषा विचारली नाही. नाव नसलेला माणूस दोघांचा असू शकतो. आपल्या भागातल्या सुपरहिरोला गुपिताची गरज शत्रूपासून वाचण्यासाठी आहे, त्याहून जास्त ती आपल्याच माणसांनी त्याला एका बाजूला ओढू नये म्हणून आहे. हे कारण मुंबईच्या किंवा न्यूयॉर्कच्या नायकाकडे नाही. आमच्या मुलांनी ते वापरलं नाही तर कोण वापरणार?

तेव्हा माझी विनंती आहे, की पुढच्या कथेत पोशाखाचा रंग ठरवण्याआधी त्याला ओळखणारी माणसं ठरवा. त्यांची नावं, धंदे, एकमेकांशी असलेली भांडणं लिहा. हवालदार दारात येऊन कन्नडमध्ये विचारतो, 'काल रात्री मुलगा कुठे होता?' आई मराठीत उत्तर देते, दोघांना एकमेकांचं सगळं समजतं आणि तरी ती 'मला नीट कळलं नाही साहेब' म्हणून वेळ काढते. शेजारची वैनी हातातलं काम टाकून पुढे येते, हवालदाराला त्याच्याच भाषेत सांगते की तो आमच्याकडे होता, आमचा मीटर जळाला होता. असा एक प्रसंग नीट लिहिला तर चष्म्यावरचे शंभर आक्षेप वाचकाला आठवणारही नाहीत. आणि ती वैनी कन्नड घरातून आलेली सून असेल तर कथेला आणखी एक पदर सुटतो.

एक अडचण मात्र उरते, आणि तिच्यावर या मुलांनी डोकं लढवावं. मी ज्या गल्लीबद्दल बोलतोय ती पातळ होत चालली आहे. शिकलेली मुलं पुण्याला, बंगळूरला गेली. शहराच्या कडेला नवी एक्स्टेन्शनं झाली, तिथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे वर्षभरात कळत नाही. अशा ठिकाणी अनोळखी नजरांपासून लपणं सोपं आहे, पण रात्री रक्ताळून आलेल्या माणसाला दार कोण उघडणार? तिथल्या नायकाभोवती ही पाच-सात माणसं नव्यानं कशी जमतात, पहिल्यांदा कोणाला सांगायचं हे तो कसं ठरवतो, पगारावर आलेल्या वॉचमनवर विश्वास टाकतो की भाड्यानं राहणाऱ्या नर्सवर, यावर मराठीत अजून कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मला ती कथा वाचायची आहे.